उघड्या डब्याचे नंदूभाऊ

नंदूभाऊ कुठल्याही सरकारी कचेरीत शिरले की पिशवीतून चिक्कीचा डबा काढायचे, साहेबांच्या टेबलासमोर उभ्या उभ्याच त्याचं झाकण उघडायचे आणि पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायचे. मग डबा पुढे करायचे. समोरचा माणूस कडाकडा चिक्की चावतोय म्हटल्यावर साहेबही एक तुकडा उचलायचेच. हा काय प्रकार म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, उघडा डबा म्हणजे पाहुणचार. बंद डबा म्हणजे लाच. नंदूनं आजवर कुणाला बंद डबा दिलेला नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांची आठवण निघाली की आधी तेच कानात येतं. खरं तर त्यांच्याबद्दल लिहायचं माझ्या मनात नव्हतं. माणसाचा राग आला की त्याचं चांगलं आठवू नये असं वाटतं, आणि नंदूभाऊंचं नेमकं चांगलंच आधी आठवतं. हा त्यांचा दुसरा अपराध. पहिल्याकडे येतेच.

कामशेतला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, जातीचे दाखले, मुलींचे बायोडाटा, सगळं मावळ माझ्या हाताखालून जातं. नंदूभाऊ मूळचे इंदुरीचे. तरुणपणी खो-खो खेळायचे, खांबावर सूर मारण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता असं ते स्वतःच सांगत. पुढे तळेगावच्या एका कारखान्यात लागले, तो कारखाना बंद पडला, आणि मग त्यांनी लोणावळ्यात एक क्रीडा मंडळ काढलं. मंडळाचा उद्योग एकच. पर्यटनासाठी ज्या सरकारी योजना निघतात त्यांत अर्ज करायचा, अनुदान मिळवायचं आणि स्पर्धा भरवायच्या. स्पर्धा भरली की बाहेरची माणसं येणार, राहणार, खाणार, गावाच्या हाताला काम मिळणार, असा सरकारचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. फक्त तो अर्ज भरणं येरागबाळ्याचं काम नव्हतं, आणि नंदूभाऊंना ते साधलं होतं.

ठेंगणी मूर्ती, छाती अंमळ पुढे, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मैदानात असायची तशीच कचेरीतही असायची, आणि माझ्या भाचीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीलाही होती. स्कूटरच्या डिकीत मंडळाचा शिक्का, शाईचं पॅड, स्टेपलर आणि चिक्कीचा डबा. नवी योजना निघाली की ते माझ्या दुकानात बाकड्यावर डोळे मिटून बसायचे आणि मी त्यांना सगळे नियम मोठ्याने वाचून दाखवायचे. मध्येच बोट वर केलं की थांबायचं. "परत वाचा, ताई." मी परत वाचायचे. सगळं ऐकून झालं की डोळे उघडून म्हणायचे, "यात सायकल बसते," नाहीतर, "यात कुस्ती बसत नाही, पण मल्लखांब बसेल." खेळ कुठला ते मागून ठरायचं. सरकारला कसली भूक लागलीय ते आधी बघायचं, हा त्यांचा खाक्या. एखाद्या नियमावर मी अडले की ते हसायचे. "नियमात बसत नसलो तर नियमाच्या शेजारी बसायचं, ताई. गर्दीत कोण उठवतं?"

एकदा त्यांनी इंदुरीच्या किल्ल्याजवळच्या मैदानात रस्सीखेच ठेवली होती. योजनेत अट होती की परराज्यातल्या पर्यटकांचा सहभाग हवा. पाहणीला पुण्याहून अधिकारी आलेले, आणि मैदानात बघावं तर वडगावची आणि आमच्या कामशेतची पोरं. परराज्यातलं म्हणावं असं कुणी नाही, गोळेवाला तेवढा. नंदूभाऊंनी साहेबांपुढे डबा उघडून ठेवला आणि स्कूटरला किक मारून गेले. थेट शिरगावला. तिथे साईबाबांच्या देवळापाशी सुरतेहून आलेली एक बस उभी होती. ड्रायव्हरला काय सांगितलं ते देवालाच ठाऊक, पण थोड्याच वेळात पुढे शिट्टी वाजवत स्कूटर आणि मागे ती बस अशी वरात मैदानात शिरली. बसमधून उतरल्या त्या नुसत्या बायका, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढच्या. त्यांना वडे खाऊ घातले, पदर खोचायला लावले आणि वडगावच्या पोरांसमोर दोर धरून उभं केलं. नंदूभाऊंनी पोरांकडे एकदाच पाहिलं. पोरं शहाणी होती, गडगडत पुढे आली. जिंकलेल्या बायकांमधली एक आजी इतकी हरखली की नंदूभाऊंच्या गालावरून हात फिरवून तिने बोटं मोडली. जन्मात पहिल्यांदा काही जिंकले, असं ती गुजरातीत म्हणत होती. अधिकारी खूश, आजी खूश, वडेवाला खूश.

"यात खोटं काय होतं सांगा," ते नंतर मला म्हणाले. "बाया सुरतेच्या. पर्यटक. खेळल्या. जिंकल्या. सगळं खरं आहे."

मी नुसती हसत होते. माणसाला उचलून हव्या त्या चौकोनात बसवायचं, आणि तेही असं की बसणाऱ्याला वाटावं आपण आपल्याच पायांनी आलो, ही कला त्यांच्याकडे होती. आणि नुसती कला असती तरी मी सावध राहिले असते. पण माझ्या आईला तळेगावला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ह्याच माणसाने माझं दुकान सांभाळलं. झेरॉक्सा उलट्या काढल्या, गिऱ्हाइकांना चहा पाजून गल्ला रिकामा केला, पण शटर एक दिवस खाली राहू दिलं नाही. अशा माणसावर संशय घ्यायचा कसा?

ठकूमावशीची आणि त्यांची गाठ माझ्याच दुकानात पडली. कामशेतच्या मागे आत जावं तसा डोंगर लागतो, आणि त्यावर उंबरपठार म्हणून ठाकरांची एक वाडी आहे. रस्ता खालच्या ओढ्यापाशी संपतो, पुढे चढणीची पायवाट. ठकूमावशी तिथली. चैत्र-वैशाखात करवंदांच्या पाट्या डोक्यावर घेऊन उतरायची, हायवेला विकायची, उरलेली पाटी माझ्या दुकानात ठेवायची आणि गप्पा मारत पाय सैल करायची. पन्नाशीची असेल, अंगाने काटकुळी. नंदूभाऊंनी तिची भरली पाटी एकदा उचलून बघितली आणि डोळे विस्फारले.

"मावशी, हे घेऊन तुम्ही डोंगर उतरता?"

"ह्ये काय जड हाय?" ती म्हणाली. "पाण्याच्या दिशी बगा येऊन."

पाण्याचा दिवस म्हणजे वाडीच्या वाघजाईच्या जत्रेचा दिवस. त्या दिवशी देवीला आंघोळ घालायचं पाणी खालच्या ओढ्याच्या कुंडातून न्यायचं असतं. घरटी एक माणूस, बाई असो की बाप्या, डोक्यावर कळशी घेऊन कुंडापासून देवळापर्यंत पळतो. पहिली येईल ती कळशी देवीच्या डोक्यावर. पण नुसतं पहिलं येऊन भागत नाही. त्या पाण्याने देवी डोक्यापासून पायापर्यंत भिजली पाहिजे. पाणी सांडून आला तर पहिला आलेलाही बाजूला, आणि मागून भरली कळशी घेऊन येणाऱ्याचा मान.

हे ऐकताना नंदूभाऊंनी डोळे मिटले होते, नियम ऐकताना मिटायचे तसेच.

त्या चैत्रात ते वर गेले. मीही गेले होते. ऊन मी म्हणत होतं, आणि त्या उन्हात ती माणसं मान ताठ ठेवून, एक हात कळशीला लावून चढण चढत होती. पळणं म्हणजे आपल्याला वाटतं तसलं नाही. कमरेवरचं अंग जागच्या जागी आणि पाय तेवढे जोरात. ठकूमावशी दुसरी आली. पहिल्या आलेल्या माणसाचं पाणी देवीच्या गुडघ्यापर्यंत पुरलं, मावशीचं पावलांवरून वाहून उंबऱ्यापर्यंत आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी हात जोडले. सगळं आटोपल्यावर नंदूभाऊंनी शर्ट काढून कमरेला बांधला, एक कळशी मागून घेतली आणि त्या वयात स्वतः खालून वर आले. येईपर्यंत कळशीत ओंजळभर पाणी उरलं होतं आणि बाकीचं त्यांच्या बनियनवर होतं. वाडी पोट धरून हसली. ती ओंजळ त्यांनी देवीच्या पायांवर घातली तेव्हा मात्र ते रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं. मी जवळ होते. आजही मी त्याची खात्री देईन.

उतरताना कुंडाच्या काठी एका खडकावर बसून म्हणाले, "ताई, आजवर मी अनुदानासाठी खेळ शोधले. हा खेळ आहे, ह्याच्यासाठी अनुदान शोधू."

आणि शोधलं. योजना अशी होती की स्थानिक परंपरेतून आलेली स्पर्धा भरवायची, बाहेरचे स्पर्धक बोलवायचे, त्यांनी गावात मुक्काम करायचा. ज्या जागी स्पर्धा होईल तिथवरचा रस्ता, पाण्याची सोय, संडास योजनेतून होणार होते. उंबरपठाराला दुसरं काय हवं होतं? पावसाळ्यात बाळंतीण खाली आणायची तर डोली करावी लागते तिथे. अर्ज मंडळाच्या नावाने करायचा ठरला, कारण वाडीची नोंदणी केलेली संस्था नव्हती. मी नियम वाचत गेले. रुग्णवाहिका थेट जागेपर्यंत गेली पाहिजे अशी एक अट आली तिथे मी थांबले.

"वाडीला रस्ताच नाही, भाऊ."

"रस्ता योजनेतूनच होणार ना? आधी रस्ता, मग स्पर्धा. शेजारी बसू आपण."

त्या उन्हाळ्यात वाडी पार बदलून गेली. पाहुणे राहायला येणार म्हणून लोकांनी घरं सारवली, पडव्या मोकळ्या केल्या. ठकूमावशीचा मुलगा सोमा लग्न झाल्यापासून तळेगावला भाड्याच्या खोलीत राहायचा, कंपनीत कंत्राटावर होता. घरात मावशी एकटी. मावशीने शेळ्या विकल्या, पडवीला भिंत घातली, मागे न्हाणी बांधली आणि सोमाला निरोप धाडला की ये, घरीच काम निघालंय. सोमा नोकरी सोडून बायकोला घेऊन आला. मावशी करवंदं विकायला उतरली की हल्ली घाईत असायची. "सून जेवायची थांबलेली आसती," म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तिला रस्ता नको होता, संडास नको होता, तिला ती घाई हवी होती.

दसऱ्याला वाडीची बैठक देवळात बसली. स्पर्धा ही वाडीची परंपरा आहे आणि ती भरवायला वाडीची संमती आहे, असा कागद सरकारला हवा होता. तो मी टाइप करून घेऊन गेले होते. सगळ्यांचे अंगठे-सह्या सुरू होण्याआधी मी म्हटलं, "ह्यात एक ओळ घालू का? स्पर्धा दर वर्षी वाडीतच होईल, अशी? म्हणजे उद्या कुणाचा घोळ नको."

वाडीचे वडीलधारे धोंडूआबा. देवीची पूजाही त्यांच्याकडेच. त्यांना माझं बोलणं आवडलं नाही. "ताई, तुमचं बराबर आसंल," ते म्हणाले. "पर आमी आज भाऊला मान देनार हाय. जत्रंचा पयला नारळ हितनं म्होरं भाऊचा. मान दिलेल्या मान्साकडनं लिवून घ्यायचं म्हंजी सोयऱ्याकडनं जेवनाची पावती घ्यायची."

जत्रेचा पहिला नारळ म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो एका घरात चालतो. जत्रेला त्या मानकऱ्याचं नाव देवीसमोर तीनदा पुकारतात, तो पुढे येऊन नारळ फोडतो, मगच पाण्याला सुरुवात. ज्या घराचा मान होता त्याचा वंश संपला होता, आणि वाडीने तो मान जपून ठेवला होता. तो त्यांनी इंदुरीच्या एका परक्या माणसाला दिला. त्यांच्या मते कुठल्याही कागदाहून ही गाठ पक्की होती. मान घेतलेला माणूस उलटेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

आबांनी नारळ हातात दिला तेव्हा नंदूभाऊंनी मान वर केली नाही. मला वाटलं, भरून आलंय. एरवी माइक दिसला की सुटणारा माणूस, गळ्यातली शिट्टी चाचपत उभा राहिला. माझी ओळ राहून गेली. सह्या झाल्या. मग त्यांनी ठकूमावशीला डोक्यावर कळशी घेऊन पायवाटेवर उभं केलं आणि बरेच फोटो काढले.

दिवाळीनंतर कळलं की अनुदान मंजूर झालं. मी पेढे आणले. नंदूभाऊंनी एक पेढा खाल्ला आणि लगेच निघाले. नंतर ते यायचेच बंद झाले. फोन केला की, "धावपळ आहे ताई, येतो." मी म्हटलं, मोठं काम आहे, असेल धावपळ. पुढचे कागद कुठे टाइप होतात हा प्रश्न मनात आला, पण दुसऱ्याच्या दुकानात ते जातील हे मला शक्य वाटलं नाही. इतकी वर्षं गेले नव्हते.

थंडीत एका सकाळी ठकूमावशी माझ्या दुकानात आली. करवंदांचे दिवस नव्हते. पाटी नव्हती.

"ताई, जरा हायवेला येता का? माजा फोटू लावलाय."

मला आनंदच झाला. आम्ही दोघी गेलो. हायवेच्या कडेला, ती करवंदं घेऊन बसते त्याच्या जरासंच पुढे, भला मोठा फलक. त्यावर मावशी, डोक्यावर कळशी, मागे आमचा डोंगर.

"मीच ना ह्ये?" ती हसली. "लय मोटी केलीया. काय लिवलंय?"

मी वाचायला सुरुवात केली. नाव इंग्रजीत होतं, लांबलचक. खाली मावळची शेकडो वर्षांची परंपरा वगैरे. त्याखाली तारीख. त्याखाली जागा. लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टचं नाव होतं. मी थांबले.

"काय वो?"

मी सांगितलं. तिला पहिल्यांदा कळलं नाही. मग म्हणाली, "म्हंजी देवी तितं नेनार का काय?"

"देवी नाही, मावशी. फक्त पाणी."

ती फलकाकडे बघत राहिली. मला काय वाटलं ते सरळ सांगते. माझ्या घरात शिरून कुणीतरी माझ्याच ताटात जेवून ताट घेऊन गेल्यासारखं वाटलं. मी नंदूभाऊंना फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "दुकानात या. मावशी बसल्यात."

आले. ह्याचं मी त्यांना श्रेय देते, आले. नेहमीसारखा डबा काढला, झाकण उघडलं, बाकड्यावर ठेवला. पहिला तुकडा मात्र तोंडात टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

"वाडी बसत नव्हती, ताई. रस्ता नाही, गाड्या लावायला जागा नाही. पुण्याचे साहेब म्हणाले, जागा बदला, मंजूर करतो. नाहीतर सगळंच गेलं असतं. यंदा खाली होऊ द्या, एकदा नाव झालं की पुढच्या वर्षी वर नेऊ. मी आहे ना."

"आणि रस्ता?" मी विचारलं.

"रस्ता स्पर्धेच्या जागेला असतो." हे त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं.

ठकूमावशीने आवाज चढवला नाही. "भाऊ, ह्ये त्यांनी कवा सांगितलं?"

"झाले थोडे दिवस."

"नारळ घेतलासा, तवा ठावं व्हतं का?"

दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते मी बंद केलं. नंदूभाऊंना खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर नियमांच्या शेजारी बसलेला माणूस, एक लहानसं खोटं त्यांना काय जड होतं? पण त्यांनी हातातला तुकडा परत डब्यात ठेवला.

"होतं," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आधीच सांगितलं होतं पुण्यात. पण आबांनी नारळ पुढं केला, मावशी. माझ्या बापानं कधी मला कसला मान दिला नाही. नाही म्हणवलं नाही मला."

"नारळाला न्हाई म्हनवलं न्हाई," ती म्हणाली, "का सह्यांना?"

मावशी उठली. ती निघताना नंदूभाऊंनी डबा पुढे केला, सवयीने असेल. तिने पाहिलंही नाही.

तरीही ती लोणावळ्याला गेली. धोंडूआबाच म्हणाले, देवीचं पाणी म्हणून नाव घेतात तर वाडीचं कुणीतरी बघून यावं. मी सोबत गेले. हिरवळ कापून गालिच्यासारखी केलेली, वाऱ्याने फुगवलेली कमान, पुण्या-मुंबईची गोरीगोमटी मुलं-मुली रंगीत बुटांत. पाणी टँकरचं, कळशा एकसारख्या, नव्या. शेवटच्या रेषेवर एक मोठी काचेची बरणी ठेवली होती, तीत कळशी रिकामी करून पाणी मोजायचे. माइकवर नंदूभाऊ होते, गळ्यात शिट्टी. आवाजात तीच जादू. गर्दी हसत होती, टाळ्या वाजवत होती. ते वाईट भरवत नव्हते, हेच सोसवत नव्हतं. मावशीला बघताच त्यांनी माइकवरूनच स्वागत केलं आणि दोन मुली येऊन तिला आरंभाच्या रेषेवर घेऊन गेल्या. डोक्यावर भरली कळशी दिली. परंपरेचं प्रात्यक्षिक, असं जाहीर झालं.

मावशीने सवयीने मान ताठ केली. मग शेजारच्या मुलीला विचारलं, "ह्ये पानी कुनाला घालायचं?"

मुलगी गोंधळली. "बरणीत ओतायचं ना आजी. मोजायला."

"आन मोजल्यावं?"

मुलीने बरणीकडे पाहिलं. तिथला माणूस आधीच्या स्पर्धकाचं पाणी मोजून झाल्यावर हिरवळीवर ओतून देत होता.

"मंग रिकामीच न्या की," मावशी म्हणाली आणि कळशी उतरवून खाली ठेवली. थेंब सांडू न देता. आणि आम्ही निघालो. माइक क्षणभर बंद पडला होता. मग नंदूभाऊंनी काहीतरी विनोद केला आणि लोक हसले. त्या हसण्याचा आवाज गेटपर्यंत आमच्या मागे आला. मला मावशीसाठी वाईट वाटत होतं आणि स्वतःसाठीही. माझ्या बाकड्यावर बसून डोळे मिटून नियम ऐकणारा माणूस मला फार जवळचा वाटायचा.

होळीच्या आत सोमा बायकोला घेऊन तळेगावला परत गेला. जुनी जागा मिळाली नाही, दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागला. नवी न्हाणी तशीच आहे. मावशी तीत आता गवऱ्या ठेवते.

चैत्रात जत्रा आली. आदल्या बैठकीत वाडीतल्या तरुणांनी ओरडा केला होता की त्या माणसाचा मान काढून टाका. धोंडूआबांनी ऐकलं नाही. "मान देवीम्होरं दिला," ते म्हणाले. "परत मागाया ती काय उसनी कळशी हाय? त्यानं शब्द मोडला म्हनून आपुन मोडायचा? नाव पुकारायचं. यायचं तर यील."

मी वर गेले होते. सगळे जमले. आबांनी नारळ हातात घेतला आणि देवीसमोर हाक दिली. नंदकुमार मानकरी. पायवाटेकडे सगळ्यांच्या माना वळल्या. दुसरी हाक. तिसरी हाक दिल्यावर आबा बराच वेळ थांबले, मग तो नारळ न फोडताच देवीच्या डाव्या हाताला ठेवला आणि दुसऱ्या नारळाने जत्रा सुरू केली. पाण्याची धाव झाली. त्या वर्षी मावशी पळाली नाही. कडेला उभी राहून बघत होती.

ऊन कलल्यावर मी एकटीच उतरले. ओढ्यापाशी, जिथे रस्ता संपतो, तिथे स्कूटर उभी होती. नंदूभाऊ कुंडाच्या काठावर खडकावर बसले होते, गेल्या वर्षीचाच खडक. पांढरा शर्ट, गळा मोकळा. शिट्टी नव्हती.

"पुकारलं का?" त्यांनी विचारलं.

"पुकारलं."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. इथवर ऐकू आलं असेल."

"आलं," ते म्हणाले. वर बघत राहिले. तिथून देवळाचं निशाण दिसतं. "दर वर्षी पुकारणार?"

"आबा म्हणतात, तुम्ही असेपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे धरला. "मावशीला द्याल? माझ्याकडून म्हणून सांगा."

"वर जाऊन तुम्हीच द्या. वाट तीच आहे."

ते उठले नाहीत. हात तसाच पुढे राहिला. मी डब्याकडे पाहिलं. लोणावळ्याच्या दुकानातून आणला होता तसाच होता, झाकण घट्ट बसलेलं, वरून चिकटपट्टी. माझी नजर कुठे आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांनी स्वतःही खाली, त्या झाकणाकडे पाहिलं.